नागपुरात हॉटेल लाइनमध्ये शिरताना: नवख्यांसाठी कामाची माहिती

‘हॉटेल लाइनमध्ये जायचंय’ म्हणत जी पोरं-पोरी भेटायला येतात, त्यांच्यातल्या निम्म्यांना शेफ व्हायचं असतं आणि उरलेल्यांना ब्लेझर घालून रिसेप्शनवर उभं राहायचं असतं. हाउसकीपिंगचं, म्हणजे खोल्या साफ करून लावण्याच्या कामाचं, नाव कोणी काढत नाही, आणि स्टोअर, लॉन्ड्री, मेन्टेनन्स ही खाती असतात हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. म्हणून हा लेख. नागपुरातल्या वीस खोल्यांच्या लॉजपासून वर्धा रोडवरच्या मोठ्या हॉटेलांपर्यंत कुठेही कामाला लागणार असाल, तर पहिल्या दिवसाआधी एवढं माहीत असू द्या.

सगळ्यात आधी: इथे विकलं काय जातं?

खोली. आणि तीही एका रात्रीपुरती. कॉटन मार्केटमधला भाजीवाला संध्याकाळी उरलेली मेथी निम्म्या भावात का होईना काढून टाकतो. हॉटेलवाल्याला तेवढीही सोय नाही. मंगळवारची रिकामी खोली बुधवारी विकता येत नाही, मंगळवारचा धंदा बुडाला तो बुडालाच. हॉटेलातल्या बऱ्याच विचित्र वाटणाऱ्या गोष्टी यातून सुटतात. भाव रोज का बदलतो, चेकआउटच्या वेळेवरून एवढी रस्सीखेच का, चाळीस खोल्यांच्या हॉटेलात कधीकधी बेचाळीस बुकिंग का घेतात, आणि पाहुणा लिफ्टमध्ये शिरेपर्यंत हाउसकीपिंगला फोन का गेलेला असतो, सगळ्याचं मूळ तिथेच आहे.

दुसरी गोष्ट: एका पाहुण्याचं काम एकच माणूस कधीच पूर्ण करत नाही. बुकिंग एकजण घेतो, किल्ली दुसरा देतो, खोली तिसरा लावतो, नाश्ता चौथा वाढतो, बिल पाचवा काढतो, आणि मध्ये पाळी बदलते. पाहुण्याने सकाळी सांगितलेली गोष्ट रात्रीच्या माणसाला कळली की नाही, यावर हॉटेलचं नाव टिकतं किंवा जातं. हसतमुख चेहरा हवाच. पण नवख्याची परीक्षा निरोप नीट पोचवण्यात होते, आणि हे पुढे प्रत्येक खात्यात दिसेल.

पायरी १: आपल्या गावात कोण उतरतं ते समजून घ्या

पुस्तकात ‘बिझनेस गेस्ट’ आणि ‘लेझर गेस्ट’ अशी विभागणी असते. नागपुरात ती पुरत नाही.

धंतोली आणि रामदासपेठेतल्या हॉटेलांत, लॉजमध्ये वर्षभर दवाखान्यातली माणसं असतात. छिंदवाडा, बालाघाट, शिवनी, बैतूलकडून, इकडे यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक. किती दिवस राहायचं हे त्यांनाच माहीत नसतं, डॉक्टर सांगेल तेव्हा जाणार. रोज सकाळी ‘आज थांबताय ना?’ एवढं हळू आवाजात विचारून घ्यायचं, म्हणजे खोली दुसऱ्याला लागत नाही. त्यांना मेन्यूतल्या पनीर टिक्क्यापेक्षा मऊ खिचडी, रात्री-अपरात्री गरम पाणी आणि थर्मास भरून चहा लागतो. जो स्टाफ हे न मागता देतो, त्याच्याकडे तेच कुटुंब पुढच्या तपासणीला परत येतं.

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. मंत्र्यांची सोय रविभवनात, आमदारांची आमदार निवासात होते. पण त्यांच्याभोवतीचे अधिकारी, स्वीय सहायक, पत्रकार, कामं घेऊन आलेले कार्यकर्ते आणि मोर्चेवाल्यांचे पुढारी शहरभर खोल्या शोधत फिरतात. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीच्या आसपास खोली मिळणं कठीण, आणि रजा मिळणं त्याहून कठीण. डिसेंबरात लग्न ठरवायचं असेल, अगदी स्वतःचंसुद्धा, तर मॅनेजरशी जून-जुलैतच बोलून ठेवा.

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी येतात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतराची ती आठवण. बहुतेक लोक हॉटेलात उतरत नाहीत, पण रस्ते बदललेले असतात, दूधवाला-भाजीवाला उशिरा पोचतो, सकाळच्या पाळीचा अर्धा स्टाफ अडकतो. त्या दिवसाचा माल आदल्या दिवशीच आत आलेला हवा.

एप्रिल-मे म्हणजे वाघाचा सीझन. बाहेर पंचेचाळीस डिग्री असतं, आपण सावली शोधतो, आणि मुंबई-पुण्याचे, परदेशातले पाहुणे ताडोबा-पेंचसाठी उतरतात, कारण पाणवठे आटले की वाघ दिसायची शक्यता वाढते. हे लोक रात्री विमानतळावरून येतात आणि पहाटे निघतात. हॉटेलचा नाश्ता सातला सुरू होतो, यांची गाडी चारला हलते. म्हणून ‘पॅक ब्रेकफास्ट’ हा शब्द रात्रीच्या लॉगबुकात, म्हणजे पाळीच्या नोंदवहीत, वेळेसकट लिहिलेला हवा. ताडोब्याचं कोअर क्षेत्र मंगळवारी बंद असतं, पावसाळ्यात तर तीन महिने बंद राहतं. ही माहिती रिसेप्शनवरच्या माणसाला तोंडपाठ हवी. पाहुणा सोमवारी रात्री ‘उद्या सफारी मिळेल का?’ विचारतो, तेव्हा गूगल उघडून बसणं शोभत नाही.

याशिवाय इतवारी-गांधीबागेत खरेदीला येणारे व्यापारी आहेत. ते स्टेशन आणि सेंट्रल अॅव्हेन्यूकडच्या लॉजमध्ये उतरतात, तिथे बऱ्याच ठिकाणी चोवीस तासांचा चेकआउट चालतो. मिहानमधल्या कंपन्यांची माणसं सोमवार ते शुक्रवार असतात. जामठ्याला मॅच असली की दोन दिवस सगळं शहर फुल्ल. आणि तुळशीचं लग्न झालं की लॉन, बँक्वेट, वऱ्हाड. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाल्यापासून मुंबईहून थेट स्वतःच्या गाडीने येणारेही वाढलेत. त्यांचा पहिला प्रश्न पार्किंगचा, दुसरा ड्रायव्हरच्या झोपायच्या जागेचा.

पायरी २: खाती ओळखा

मुख्य चार: फ्रंट ऑफिस (म्हणजे रिसेप्शन), हाउसकीपिंग, फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस (खाणं-पिणं वाढणारं खातं) आणि किचन, ज्याला कॉलेजात फूड प्रॉडक्शन म्हणतात. त्यांच्या पाठीशी अकाउंट्स, स्टोअर-परचेस, मेन्टेनन्स, सेल्स, सिक्युरिटी, एचआर. लहान हॉटेलात एकच माणूस सकाळी रिसेप्शन, दुपारी परचेस आणि रात्री कॅशियर असतो. शिकायला ती जागा वाईट नाही. मोठ्या हॉटेलात शिस्त आणि पद्धत शिकता येते, लहान हॉटेलात सगळं शिकता येतं. सुरुवात कुठूनही करा, पण पहिल्या तीन वर्षांत दोन्ही बघा असं माझं मत आहे.

स्टार कुठून येतात हेही माहीत असावं. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची समिती हॉटेल पाहून एक ते पाच स्टार आणि त्यावर फाइव्ह स्टार डीलक्स असा दर्जा देते, तो पाच वर्षांसाठी असतो. अर्ज करणं ऐच्छिक आहे. त्यामुळे पाटीवर स्वतःच रंगवलेले तारे आणि बुकिंगच्या अॅपवरचे तारे यांचा या दर्जाशी संबंध असेलच असं नाही.

पायरी ३: फ्रंट ऑफिस

आधी प्लॅनची अक्षरं पाठ करा. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचं खाणं. बुकिंग घेताना ही अक्षरं चुकली की भांडण चेकआउटला होतं, आणि ते घ्यायला तुम्ही नसता, दुसराच कोणी बिचारा असतो.

चेक-इनला नोंदणी कार्ड भरून सही घ्यायची. प्रत्येक मोठ्या माणसाचं फोटो आणि पत्ता असलेलं ओळखपत्र बघायचं. पॅनकार्डावर पत्ता नसतो म्हणून ते सहसा चालत नाही. परदेशी पाहुणा असेल तर पासपोर्ट आणि व्हिसा बघून त्याची माहिती सरकारला कळवणारा, ‘फॉर्म सी’ म्हणून ओळखला जाणारा फॉर्म चोवीस तासांच्या आत ऑनलाइन भरायचा. ही कायद्याची गोष्ट आहे, ‘सकाळी भरतो’ म्हणून विसरायची नाही. ताडोब्याचे परदेशी पाहुणे रात्री बाराला येऊन पहाटे चारला जातात, तेव्हा हा फॉर्म रात्रपाळीवाल्याच्याच गळ्यात असतो.

आता दोन गोष्टी, ज्या ट्रेनिंगमध्ये सांगतात पण अंगात मुरायला वेळ लागतो.

एक: खोलीचा नंबर मोठ्याने बोलायचा नाही. किल्लीच्या पाकिटावर लिहायचा आणि बोट ठेवून दाखवायचा. लॉबीत कोण बसलंय हे आपल्याला माहीत नसतं. एकटी बाई चेक-इन करत असेल तर हे आणखी महत्त्वाचं.

दोन: कोण उतरलंय हे कोणालाही सांगायचं नाही. अधिवेशनाच्या दिवसांत काउंटरला कोपर टेकवून कोणीतरी विचारतंच, ‘आमचे साहेब कोणत्या रूममध्ये आहेत हो? घरचाच माणूस आहे मी.’ उत्तर एकच: ‘आपलं नाव सांगा, तसे पाहुणे इथे असतील तर मी निरोप देतो.’ आवाज चढला तरी तेच. ‘हो, आहेत’ नाही आणि ‘नाहीत’ही नाही.

तक्रार कशी घ्यायची ते एका उदाहरणाने सांगतो. सकाळी पावणेसातला फोन येतो, ‘भाऊ, गिझरचं पाणी गरम होऊन नाही राहिलं, आठची अपॉइंटमेंट आहे डॉक्टरची.’ नवखा म्हणतो, ‘बघतो सर,’ आणि फोन ठेवतो. ‘बघतो’मध्ये वेळ नाही, माणूस नाही, काहीच नाही. जुना माणूस म्हणतो, ‘पाच मिनिटांत मेन्टेनन्सवाला येतो. तोवर दोन बादल्या गरम पाणी वर पाठवतो.’ मग दोन फोन करतो, लॉगबुकात वेळ टाकतो, आणि सातला स्वतः फोन करून ‘झालं का?’ विचारतो. तो शेवटचा फोन बहुतेकजण करत नाहीत.

लॉगबुक हे या खात्याचं काळीज. पाळी संपताना काय अर्धवट राहिलंय ते लिहायचं: कोणाचं सामान क्लोकरूममध्ये, कोणाचा वेकअप कॉल, कोणाचं पेमेंट बाकी, कोणत्या खोलीतला एसी टपकतोय. ‘सगळं ओके’ असं लिहिलेलं लॉगबुक दिसलं की समजावं, आधीच्या पाळीने काही पाहिलेलंच नाही.

रात्री नाइट ऑडिट असतं. दिवसाची सगळी बिलं जुळवायची, तारीख पुढे सरकवायची, मालकाच्या टेबलावर सकाळी जाईल तो रिपोर्ट काढायचा. कंटाळवाणं काम आहे, पण हॉटेलचा पैसा कुठून येतो आणि कुठे गळतो हे ज्याला शिकायचंय त्याने सहा महिने रात्रपाळी मागून घ्यावी.

पायरी ४: हाउसकीपिंग

या खात्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण नवखे इथूनच पळतात आणि हॉटेलचा खरा माल इथेच तयार होतो. एका पाळीत एका माणसाला साधारण बारा ते सोळा खोल्या येतात. म्हणजे एका खोलीला अर्धा तास, तोही सगळं सुरळीत असेल तर.

आधी ट्रॉली भरायची. चादरी, उशीचे अभ्रे, टॉवेल, साबण-शाम्पू, पाण्याच्या बाटल्या, चहा-कॉफीची पाकिटं, कचऱ्याच्या पिशव्या. आणि रसायनं. बहुतेक हॉटेलांत ‘आर-वन, आर-टू’ अशीच बोली आहे: आर-वन बाथरूमला, आर-टू सगळ्या कामाला, आर-थ्री काचेला, आर-फोर लाकडी सामानाला, आर-फाइव्ह सुगंधाला, आर-सिक्स कमोडला. बाटलीवर लेबल नसेल तर ती हातात घेऊ नका. आणि कमोडचं अॅसिडवालं क्लीनर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये जीवावर बेतू शकतं.

दार वाजवायचं, ‘हाउसकीपिंग’ म्हणायचं, थांबायचं. असं तीनदा. आत जाताना दार उघडं आणि ट्रॉली दारात. मग क्रम असा: पडदे उघडा, एसी-दिवे-टीव्ही चालतात का बघा. पाहुणा गेला असेल तर कपाट, ड्रॉवर, तिजोरी, उशीखाली, बाथरूमच्या हुकामागे नजर टाका. चार्जर, दवाखान्याच्या फाइली, दातांची कवळी, सगळं सापडतं. जे सापडेल ते खोली नंबर, तारीख आणि आपलं नाव लिहून लॉस्ट अँड फाउंडला जमा. दोन रुपयांचं पेन असलं तरी.

मग कमोड आणि बेसिनवर रसायन मारून ठेवा. ते आपलं काम करत राहतं, तोवर तुम्ही पलंगाकडे वळा. नवखे उलटं करतात आणि मग रसायन टाकून लगेच घासत बसतात. पलंगाच्या चादरी काढताना झटकू नका, गुंडाळा. टाचणी, सुई, काचेचा तुकडा निघू शकतो. नवी चादर घालून कोपरे पाकिटासारखे दुमडायचे. गादी उचलताना गुडघ्यात वाका, कमरेत नाही. या खात्यात तिशीत कंबर गेलेली माणसं मी बघितलीत.

धूळ दारापासून सुरू करून एकाच दिशेने फिरत पुसायची, म्हणजे काही सुटत नाही. वरून खाली. रिमोट आणि स्विच विसरू नका, सगळ्यांचे हात तिथेच लागतात. मग बाथरूम. फरशी शेवटी, आतून दाराकडे मागे येत. कमोडचं फडकं वेगळ्या रंगाचं, ते ग्लासला लागता कामा नये. बोअरचं पाणी असेल तर नळांवर आणि शॉवरवर पांढरा थर बसतो, तो रोज थोडा काढला तर निघतो, महिन्याने काढायला गेलात तर नळाचं पॉलिश जातं.

सगळं झाल्यावर एकदा पलंगाच्या कडेवर बसा आणि पाहुण्याच्या नजरेने बघा. उभं राहून न दिसलेलं जाळं, लॅम्पशेडची शिवण पुढे आलेली, आरशावरचा ओघळ, सगळं तिथून दिसतं. आणि बाथरूममधला एक केस. एक केस दिसला की पाहुणा बाकीची स्वच्छता मोजत नाही.

नागपूरचा खास त्रास सांगतो. पाहुणे सावजी मागवतात, खोलीतच खातात आणि हात पांढऱ्या टॉवेलला पुसतात. तेल आणि हळद. असा टॉवेल बाकीच्या लिननमध्ये, म्हणजे चादरी-टॉवेलांत, टाकला तर डाग पसरतो, आणि वॉशिंग सोड्यासारखं काही लागलं की हळद लाल होते, तेव्हा घाबरायचं नाही. तो वेगळा बांधून लॉन्ड्रीला सांगायचं, आधी तेल काढायचं आणि मग धुऊन कडक उन्हात टाकायचं. हळदीचा रंग उन्हात उडतो, आणि ऊन आपल्याकडे काही कमी नाही.

खोली झाली की लगेच फ्रंट ऑफिसला कळवायचं. व्हेकंट रेडी, व्हेकंट डर्टी, ऑक्युपाइड, डू नॉट डिस्टर्ब, आउट ऑफ ऑर्डर, खोलीची स्थिती सांगणाऱ्या या शब्दांवर दोन खात्यांचा संसार चालतो. तुम्ही खोली लावून चहाला गेलात आणि कळवलं नाही, तर कॉम्प्युटरवर ती अजून ‘डर्टी’ आहे आणि पाहुणा लॉबीत सुटकेसवर बसलेला आहे.

पायरी ५: किचन

शेफ व्हायला निघालेल्यांनी हे समजून यावं: पहिलं वर्ष कांदे, बटाटे, आलं-लसूण आणि कोल्डरूमचं. कॉमी (म्हणजे शिकाऊ शेफ) थ्री, कॉमी टू, कॉमी वन, मग डीसीडीपी (सीडीपीच्या हाताखालचा), सीडीपी (किचनच्या एका विभागाचा प्रमुख), सू शेफ आणि वर एक्झिक्युटिव्ह शेफ, ही शिडी आहे. मे महिन्यात तंदूरजवळ उभं राहून बघा, मग ठरवा.

पहिल्या आठवड्यात शिकायचं ते स्वच्छता. पाच ते साठ डिग्री सेल्सियस हा धोक्याचा पट्टा, त्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून थंड पाचच्या खाली, गरम साठच्या वर, फ्रीजर उणे अठरा. उन्हाळ्यात बुफेवरचं दही, कोशिंबीर, मेयोनीजवालं सॅलड यांच्याकडे आधी बघा. नागपूरच्या लॉनवरच्या रात्रीच्या लग्नातसुद्धा हवा पस्तीसच्या आसपास असते. कटिंग बोर्डाचे रंग पाळा: हिरवा भाजीला, लाल कच्च्या मटणाला, निळा मासळीला. बाकीचे रंग आपल्या किचनमध्ये कसे लावलेत ते विचारून घ्या. डब्यावर काय आहे आणि कोणत्या तारखेचं हे लिहा, आधी आलेला माल आधी वापरा. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडसारख्या आजारांची लस, हे अन्नसुरक्षेच्या नियमांत आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.

नाश्त्याच्या बुफेवर इथे तर्री-पोहे ठेवावेच लागतात, त्याशिवाय बाहेरगावच्या पाहुण्याला नागपूरला आल्यासारखं वाटत नाही. पण तास-दोन तास चेफिंग डिशमध्ये (बुफेवर अन्न गरम ठेवायच्या भांड्यात) पडलेल्या पोह्यांचा भुसा होतो. मोठं घमेलं एकदम करू नका. थोडे थोडे पोहे भिजवून दर वीस-पंचवीस मिनिटांनी ताजे काढा. तर्री मात्र एकदाच करून उकळती ठेवा, चणे तळाशी बसतात म्हणून वाढणाऱ्याला पळी तळापर्यंत न्यायला सांगा. आणि तिखटाची पाटी लावा.

पायरी ६: सर्व्हिस

ऑर्डर घेतली की केओटी निघते, म्हणजे किचनला जाणारी चिठ्ठी. हल्ली टॅबवर घेतात, पण तत्त्व तेच: केओटीशिवाय किचनमधून काही बाहेर येत नाही. ऑर्डर घेतल्यावर ती पाहुण्याला वाचून दाखवा. जैन, बिनकांदा-लसूण, उपवास, शेंगदाण्याची अॅलर्जी, हे केओटीवर लिहा, तोंडी सांगू नका. घाईच्या वेळी किचनमध्ये तोंडी सांगितलेलं कोणी ऐकत नाही. जेवण वाढणं सहसा डावीकडून, पाणी-पेय उजवीकडून. पण पाहुणा भिंतीला टेकून बसला असेल तर नियमासाठी त्याच्या अंगावरून हात नेऊ नका.

दारूच्या बाबतीत वय बघणं ही तुमची जबाबदारी आहे. महाराष्ट्रात हार्ड लिकरसाठी पंचवीस वर्षं, सौम्य बिअर आणि वाइनसाठी एकवीस.

सर्व्हिस चार्जवरून टेबलावर वाद होतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलंय की तो बिलात आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. पाहुण्याने नको म्हटलं तर हुज्जत घालायची नाही, कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, बोलवायचं. जीएसटी वेगळा. तो कर आहे, काढता येत नाही. दोन्हींतला फरक शांतपणे सांगता आला की निम्मे वाद तिथेच मिटतात.

बँक्वेटमध्ये ‘गॅरंटी’, म्हणजे एवढ्या ताटांचे पैसे नक्की देणार, हा शब्द महत्त्वाचा. वधूपक्षाने चारशे ताटांची गॅरंटी दिली आणि साडेपाचशे वऱ्हाडी जेवले, तर हिशेब मोजलेल्या प्लेटांवर होतो. म्हणून सुरुवातीला स्टॅकमध्ये किती प्लेटा लावल्या ते यजमानांच्या माणसाला सोबत घेऊन मोजायचं, आणि शेवटीही त्यालाच सोबत घ्यायचं. रात्री साडेअकराला दमलेल्या मुलीच्या बापाशी प्लेटांवरून वाद घालायची वेळ कोणावर येऊ नये.

पायरी ७: थोडं गणित

चाळीस खोल्यांचं हॉटेल. आज तीस विकल्या, म्हणजे ऑक्युपन्सी पंचाहत्तर टक्के. खोल्यांचे नव्वद हजार रुपये आले. नव्वद हजार भागिले तीस, म्हणजे सरासरी भाव ३,००० रुपये, याला एआरआर म्हणतात. नव्वद हजार भागिले चाळीस, म्हणजे २,२५० रुपये, हा रेव्हपार, म्हणजे रिकाम्या धरून प्रत्येक खोलीमागे आलेला पैसा.

आता भाव पाडून २,३०० ला अडतीस खोल्या विकल्या तर? आले ८७,४००, रेव्हपार २,१८५. हॉटेल ‘फुल्ल’ दिसतं, पण पैसे कमी आणि वर आठ खोल्यांची सफाई, नाश्ता, एसी जास्त. ‘फुल्ल आहे’ ऐकून खूश होणारा मालक आणि हे गणित करणारा मालक, दोघांत फरक आहे. मुलाखतीत हे एवढं मांडता आलं तरी समोरचा सावरून बसतो.

कराचं एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. भाव सांगताना करासह की करावेगळा हे पहिल्याच वाक्यात सांगा.

पायरी ८: शिरायचं कुठून

दहावीनंतर लवकर कमवायचं असेल तर आयटीआयचे एक वर्षाचे ट्रेड आहेत: फूड प्रॉडक्शन, फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस असिस्टंट, फ्रंट ऑफिस असिस्टंट, हाउसकीपर. कोणत्या आयटीआयमध्ये कोणता ट्रेड चालू आहे ते प्रवेशाच्या वेळी बघून घ्या. बारावीनंतर पदवी करायची असेल तर नागपुरात हॉटेल मॅनेजमेंटची महाविद्यालयं आहेत. सरकारी आयएचएममध्ये (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) जायचं असेल तर एनसीएचएम जेईई ही देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते.

खासगी कॉलेज निवडताना इमारत बघू नका, ट्रेनिंग किचन बघा. गॅस पेटतो का, ओव्हनवर धूळ आहे का, मुलांच्या हाताला चटके दिसतात का. मागच्या वर्षीची मुलं इंडस्ट्रियल ट्रेनिंगला कुठे गेली ते कॉलेजला नाही, मुलांनाच विचारा. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ ही पाटी सगळीकडे असते.

आणि कोर्स न करताही येता येतं. नागपुरातले कित्येक चांगले कॅप्टन आणि हाउसकीपिंग सुपरवायझर हेल्पर म्हणून लागलेले आहेत. वर जाताना इंग्रजी आणि कॉम्प्युटर आडवा येतो, तेवढं संध्याकाळी शिकून घ्यायचं. हिंदी इथे आपोआप येते.

पायरी ९: हो म्हणण्याआधी विचारा

ट्रायलच्या दिवसांचे पैसे मिळतात का? ड्युटी सरळ नऊ तासांची की ब्रेक शिफ्ट? ब्रेक शिफ्टमध्ये अकरा ते तीन आणि सात ते अकरा काम असतं, मधले चार तास कागदावर तुमचे. पण कामठीहून किंवा हिंगण्याहून येणाऱ्याचे ते रस्त्यातच जातात. म्हणून जवळची जागा थोड्या कमी पगारात परवडते की नाही हे पेट्रोल धरून काढा. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांत महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्याप्रमाणे (२०२५ च्या बदलासह) दिवसाला दहा आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आहे, वरच्या तासांना दुप्पट दर. प्रत्यक्षात लग्नसराईत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण निदान वरचे तास कुठे लिहिले जातात ते विचारा, आणि स्वतःच्या डायरीतही टिपा.

पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापतात का आणि भरतात का? टिप कशी वाटतात, किचन आणि हाउसकीपिंगला त्यात वाटा आहे का? राहायची सोय असेल तर खोली आधी बघा, आणि स्टाफ मेसमध्ये एकदा जेवून बघा. स्टाफला जे हॉटेल बरं जेवू घालतं ते बाकीच्या बाबतीतही सहसा बरं असतं.

मुलींनी आणखी दोन प्रश्न विचारावेत. रात्री साडेनऊनंतरची पाळी तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही आणि तेव्हा संरक्षणाची आणि घरी पोचवायची सोय मालकाने करायची असते, तर इथे गाडी कोणती, ड्रायव्हर कोण आणि ती दारापर्यंत सोडते की चौकापर्यंत? आणि लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती आहे का, तिच्यातल्या बाईंचं नाव काय? दहा किंवा जास्त माणसं असतील तर ती समिती असावीच लागते. उत्तर चटकन आलं तर ठीक. एचआर कपाटातली फाइल शोधायला लागला, तर दुसरीकडेही अर्ज टाकून ठेवा.